नऊ वर्षांच्या वह्या

धाकट्या दिराच्या सत्काराला ती पहिल्या रांगेत बसली होती, आणि टाळ्या वाजवता वाजवताच आपल्याला लुटलंय हे तिच्या ध्यानात आलं.

समोरच्या पडद्यावर एकामागून एक चित्रं सरकत होती. खाडीकाठच्या खारवट जमिनीचा नकाशा आला, त्यावर चोवीस चौकोन. ते तिने स्वतः जेवणाच्या टेबलावर बसून रंगवले होते. सतराव्या चौकोनाला हिरवा रंग पुरला नव्हता म्हणून तो पोपटी झाला होता. पडद्यावरही तो पोपटीच होता. मग मजकूर आला, तोही तिचाच, शब्द न् शब्द. शेवटी नावं आली. प्रकल्पप्रमुख, तिचा दीर. क्षेत्र समन्वयक, तिची जाऊ. सल्लागार म्हणून दिराचा कोणी मित्र, ज्याने ती जमीन गाडीच्या काचेतून तरी पाहिली होती की नाही देव जाणे. तिचं नाव कुठेच नव्हतं. आभाराच्या यादीत छापखान्याचा मालकसुद्धा होता, ती नव्हती.

ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. सत्तावीस वर्षं तिने लोकांनी पिशव्यांतून आणलेली माती वाळवली, चाळली, पाण्यात कालवली आणि तिच्यात मीठ किती आहे ते सांगितलं. सगळे तिला मातीवालीच म्हणत. खाडीकाठची ती जमीन मिठाने मेलेली होती आणि मालकांनी तिचा नाद सोडला होता. मातीवालीने त्यांच्याकडून चोवीस तुकडे मागून घेतले. सुट्टीच्या दिवशी जाऊन चर खणले, मीठ सोसणारं गवत लावलं, हिरवळीचं खत गाडलं, आणि दर महिन्याला प्रत्येक तुकड्यातली माती तपासून आकडा वहीत लिहिला. अशी नऊ वर्षं, नऊ वह्या. सातव्या वर्षी तीन तुकड्यांत वांगी धरली, तेव्हा मालकांपैकी एक म्हातारी ते झुडूप बघायला तीनदा आली होती.

काम वाढवायचं तर पैसा हवा होता. दोन वर्षं ती अनुदानं शोधत होती. एक निधी फक्त विद्यापीठांसाठी निघाला. दुसऱ्याची तारीख आदल्याच दिवशी संपलेली. तिसऱ्याला झाडंच हवी होती, गवत चालत नव्हतं. चौथ्याने ‘आपला उपक्रम स्तुत्य आहे’ असं कळवलं आणि कायमचं मौन धरलं. अखेर एक पर्यावरण निधी सापडला, ज्याला नेमकी अशीच जमीन हवी होती. अट एकच. अर्ज नोंदणीकृत संस्थेने करायचा, एकट्यादुकट्याने नाही.

दिराची संस्था होती. शिबिरं भरवायची, रोपं लावतानाचे फोटो काढायचे आणि रोपांना विसरून जायचं, असा तिचा कारभार. पण नोंदणी पक्की होती.

“वहिनी, घरचंच काम आहे,” तो म्हणाला होता. “तुम्ही लिहा, शिक्का माझा.”

तिने साठ पानांचा अर्ज लिहिला. त्याने शिक्का मारला. शिक्का मारण्याआधी नावांचं पहिलं पान मात्र बदललं. अनुदान मंजूर झालं, त्याचाच हा सत्कार.

सत्कार संपल्यावर तिने त्याला गाड्या लावायच्या जागेत गाठलं. “भाऊजी, माझं नाव?”

“वहिनी, जरा समजून घ्या. निधीवाल्यांना मोठ्या पदव्या लागतात. मदतनीस म्हटलं असतं तर अर्ज पहिल्याच चाळणीत गळला असता. तुमच्याच कामाचं भलं केलं मी.”

“आणि हिची कुठली पदवी?”

जाऊ पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत खाली बघत होती.

“ती घरातली आहे.”

“आणि मी?”

तो हसला. “तुम्ही तर आमच्या मोठ्या. मोठ्यांनी नावासाठी हटून बसायचं असतं का?”

घरी परतताना नवरा गाडी चालवत म्हणाला, “जाऊ दे गं. काम तर होतंय ना? भावाभावांत कशाला वितुष्ट?” त्या दिवसानंतर तिने तो विषयच काढला नाही. नवऱ्याला वाटलं, निवळलं. नवऱ्यांना तसं वाटतं.

निवळलं नव्हतं. तिने निधीची नियमावली उतरवून घेतली आणि रोज थोडी थोडी वाचून काढली, पहिल्या पानापासून शेवटच्या टिपेपर्यंत. मधे एक कलम होतं. प्रकल्पाच्या मध्यावर तपासणी होईल आणि तपासनीस मातीच्या मूळ नोंदवह्या पाहतील. दिराकडे फक्त वर्षावर्षाचा सारांश होता. वह्या तिच्याकडे होत्या. तिने त्या फळीवरून काढल्या, कपाटाच्या तळाशी नवऱ्याच्या जुन्या स्वेटरांखाली ठेवल्या आणि वाट बघायला लागली.

चौदा महिने तिने वाट बघितली. तेवढ्या काळात संस्थेच्या ऑफिसला काचेचं दार आलं, दिराला नवी गाडी आली, माहितीपत्रकं छापून झाली. जमिनीकडे कोणी फिरकलं नाही. चर गाळाने भरत गेले. मातीवाली अधूनमधून बांधावर उभी राहून बघायची. स्वतःच्या हाताने खणलेला चर बुजताना बघायचा आणि फावडं उचलायचं नाही, याला भरपूर राग गाठीला असावा लागतो. तिच्याकडे तो होता.

एका सकाळी दीर घरी आला. “वहिनी, त्या जुन्या वह्या तेवढ्या काढून ठेवा. पुढच्या महिन्यात तपासणी आहे.”

“वह्या?” ती भांडी पुसत होती, पुसतच राहिली. “माळ्यावर पाणी गळलं तेव्हा भिजल्या हो. नुसता लगदा झाला. टाकून दिल्या.”

तो मटकन खुर्चीत बसला. “अहो, मला विचारायचं तरी!”

“सारांश होता ना तुमच्याकडे. म्हटलं, मदतनिसाच्या वह्यांना कोण विचारतंय.”

त्याचा चेहरा असा उतरला की तिला ते ताट पुन्हा पुसावंसं वाटलं. तिने ते पुन्हा पुसलं.

चौथ्या दिवशी दुपारी जाऊ आली. तिच्या पिशवीत नऊ कोऱ्या वह्या होत्या. “ताई, हे म्हणतात, सारांशावरून सगळं परत लिहून काढ. मला यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्हीच सांगा आता.”

जाऊ वाईट नव्हती. मातीवालीचं ऑपरेशन झालं तेव्हा दीड महिना हिनेच दोन्ही घरं सांभाळली होती, आणि तोंडातून ब्र काढला नव्हता. ‘लिहू नकोस’ हे शब्द मातीवालीच्या जिभेवर आले. तिने ते गिळले, चहा टाकला आणि पट्टी घेऊन शेजारी बसली. रकाने कसे आखायचे, तारीख कुठे, तुकड्याचा क्रमांक कुठे, सगळं दाखवलं.

“आणि आकडे?” जाऊने विचारलं.

“दशांशचिन्हापुढे दोन घरं लिही. पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत. व्यवस्थित दिसतं.”

सापळा इथेच होता. पहिली पाच वर्षं मातीवालीकडे मीठ मोजायचा जुना काट्याचा मीटर होता. त्यावर सहा दिसायचे, साडेसहा दिसायचे, त्याहून बारीक काही दिसत नसे. आकडे दाखवणारा मीटर सहाव्या वर्षी आला. हे तिने अर्जात एकतिसाव्या पानावर प्रामाणिकपणे लिहिलं होतं. त्या पानाखाली दिराची सही होती. वाचलं मात्र त्याने नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण वाचायचा कंटाळा हा त्याचा लहानपणापासूनचा रोग. जाऊने तीन आठवडे बोटं दुखेपर्यंत लिहिलं.

तपासनीस बाई गुडघ्यापर्यंतचे बूट घालून आली. दिराने मातीवालीला मुद्दाम बोलावून घेतलं होतं, कारण चोवीस तुकडे कुठे आहेत ते त्याला सांगता आलं नसतं. “तुम्ही फक्त प्लॉट दाखवा,” तो कानाशी येऊन पुटपुटला. “बोलायचं मी बघतो.”

तिने प्लॉट दाखवले. तपासनिसाने प्रत्येक बुजलेल्या चरात काठी खुपसून बघितली. मग सगळे ऑफिसात येऊन टेबलाभोवती बसले. जाऊने वह्या पुढे केल्या. तपासनिसाने पहिली उघडली, दुसरी उघडली, आणि आपल्या पिशवीतून अर्ज काढून एकतिसावं पान समोर धरलं.

“काट्याच्या मीटरवर सहा पूर्णांक बेचाळीस कसं वाचलंत?”

दीर खाकरला. “तो… तो चांगल्या प्रतीचा मीटर होता.”

“तो मीटर मी वापरलाय. त्याच्या काट्याची जाडीच तेवढी असते.” तिने वही मिटली. “या कोणी लिहिल्या?”

दिराने पापणीही लवू दिली नाही. बायकोकडे बोट केलं. “नोंदी हिच्याकडे होत्या. मी फक्त व्यवस्थापन बघतो.”

ही घटका मातीवालीने शेकडो वेळा मनात रंगवली होती. आंघोळ करताना, माती चाळताना, रांगेत उभं असताना. दर वेळी तिला दिराचा चेहरा दिसायचा, पांढराफटक. जावेचा चेहरा त्यात कधी आलाच नव्हता. आता तो समोर होता. जाऊ नवऱ्याकडे बघतच नव्हती, ती मातीवालीकडे बघत होती. दशांशाची दोन घरं कोणी सांगितली हे तिला आठवलं होतं, आणि का सांगितली हेही तिला त्याच क्षणी उमगलं होतं.

मातीवालीने पायाशी ठेवलेली पिशवी टेबलावर घेतली आणि एकेक करत नऊ वह्या बाहेर काढल्या. चिखलाची बोटं उमटलेल्या, कोपरे दुमडलेल्या.

“या खऱ्या. माझ्या. त्या खोट्या हिने लिहिल्या, यांनी लिहायला लावल्या म्हणून. आणि कशा लिहायच्या ते मी शिकवलं. चुकीचं शिकवलं, मुद्दाम.”

“वहिनी, वेड लागलंय का तुम्हाला?”

“सव्वा वर्षापूर्वी लागलं होतं, भाऊजी. आज उतरलं.”

तपासनिसाने खऱ्या वह्या सावकाश चाळल्या. अर्धा तास खोलीत फक्त पानांचा आवाज होता. दीर मधेच उठून बाहेर गेला तो परत आला नाही. काचेच्या दारातून तो फोनवर कोणाकोणाची मनधरणी करताना दिसत होता, आणि मातीवालीने त्याच्यावरून नजर हटवली नाही. इतकं चांगलं दृश्य तिला पुन्हा मिळणार नव्हतं.

तीन आठवड्यांनी निधीचं पत्र आलं. अनुदान रद्द. संस्थेला पुन्हा कधीही अर्ज करता येणार नाही. जावेवर ठपका नाही. मातीवालीच्या नोंदींना ‘अत्यंत मोलाच्या’ म्हटलं होतं, आणि खालच्याच ओळीत, खोट्या वह्यांना जाणूनबुजून हातभार लावल्याबद्दल तिलाही पाच वर्षं अपात्र ठरवलं होतं. प्रयोगशाळेतल्या बायका म्हणाल्या, हा अन्याय आहे. तिला तसं वाटलं नाही. तपासनिसाच्या जागी ती असती तर तिने सात लिहिली असती.

दिराची गाडी गेली, काचेच्या दाराला कुलूप लागलं, सत्कार करणारे त्याला बघून रस्ता ओलांडायला लागले. मातीवाली दोनदा मुद्दाम लांबच्या रस्त्याने ते कुलूप बघत घरी गेली.

नवरा बरेच दिवस तिच्याशी कामापुरतं बोलला. मग एकदा जेवताना म्हणाला, “माझा भाऊ आहे तो.”

“माहीत आहे मला.”

“झालं समाधान?”

ती रडेल, निदान मान तरी खाली घालेल, अशी त्याची अपेक्षा होती. “झालं,” ती म्हणाली. “पोटभर.” आणि ते खरं होतं. नवऱ्यापाशी ती खोटं बोलली नाही.

जावेकडे ती एकदा गेली. जाऊने दार अर्धंच उघडलं.

“ताई, त्यांनी मला पुढे केलं, तो त्यांचा स्वभावच आहे. मला नवल वाटलं नाही. पण तुम्ही?”

“मी तिथे सगळं खरं सांगितलं गं.”

“सांगितलंत. म्हणून मी सुटले, तेही मान्य. पण शेजारी बसवून, चहा पाजून शिकवलंत तुम्ही मला. मी तुमचे आभार मानले होते त्या दिवशी.”

दार लागलं. त्या दारावर ती नंतर गेली नाही आणि जाऊही तिच्याकडे आली नाही. सगळ्या सूडातला एवढाच भाग तिला रात्रंदिवस टोचत राहिला. बाकी कशाचा तिला पश्चात्ताप झाला नाही.

जमिनीच्या मालकांनी आता स्वतःचाच गट नोंदवून घेतला आहे. वांग्याच्या झुडपासाठी तीनदा आलेली म्हातारी त्याची प्रमुख झाली. तिला वाचता येत नाही, म्हणून नव्या निधीच्या अटी मातीवाली तिला मोठ्याने वाचून दाखवते, आणि म्हातारी प्रत्येक अटीला “कशाला?” असं विचारते. त्यामुळे अर्ज पुढे सरकत नाही, पण पक्का होत चाललाय.

परवा मातीवाली अकराव्या प्लॉटमधला गाळ काढत होती. बांधावर सावली पडली. दीर पायी आला होता.

“वहिनी,” तो म्हणाला, “एका नावासाठी एवढा राग?”

तिने फावडं गाळात रोवलं, पायाने दाबलं आणि ढेकूळ त्याच्या बुटांशेजारी टाकलं.

“अजून आहे, भाऊजी. बाजूला व्हा, चर तिथूनच जातो.”