वय नावाचं औषध

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि खारघरमधल्या एका उंच इमारतीतलं घर समोर आणा. आणलंत? या घरात एक औषध फार चालायचं. डॉक्टर ते द्यायचे, शेजारी द्यायचे, लिफ्टमध्ये भेटलेले लोकही द्यायचे. त्या औषधाचं नाव वय.

वैदेहीचे आजोबा हौसेराव, म्हणजे आबा, जन्मभर वाशीच्या बाजारात पोती वाहून आता घरी बसलेले. तंबाखू ठेवायची तिथेच, गालाच्या आत, एक जखम झाली होती आणि ती काही भरत नव्हती. आबा भाकरी वरणात कुस्करून गिळायचे. जो तो म्हणे, "वय झालं, आता असं चालायचंच."

वैदेहीच्या आईच्या, नंदिनीच्या, छातीत गाठ आली होती. तिची तर अजून पस्तिशीही उलटली नव्हती. कोपऱ्यावरचे डॉक्टर हात न लावताच म्हणाले, "या वयात कुठे काय असतं? टेन्शन घेऊ नका." आई इतकी खूश झाली, की येताना श्रीखंड घेऊन आली.

चौथीतल्या वैदेहीने श्रीखंड चाटता चाटता विचार केला. आबांचं वय झालंय, म्हणून काही करायचं नाही. आईचं झालं नाही, म्हणूनही काही करायचं नाही. मग करायचं तरी कधी?

पुढच्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये कॅन्सर तपासणीचं शिबिर होतं. वैदेहीने आईला ओढत नेलं. दारात सेक्रेटरी नंदकिशोरकाका उभे.

"वहिनी, चाळिशीच्या पुढचेच हं! तुम्ही तर अजून कॉलेजातल्या वाटता."

आई लाजली, हसली आणि मागे वळली.

"काका, म्हाताऱ्या पेशंटसोबत घरचं माणूस चालतं?" वैदेहीने विचारलं.

"चालतं की."

"आणि मी?"

"तुला कोण मोजतंय, चिमुरडे!"

वैदेही बागेतल्या बाकाकडे धावली. तिथे आबा ऊन खात बसले होते.

"आबा, तपासायला चला."

"माजं काय तपासत्यात? वय झालं आता."

वैदेही त्यांच्या कानाशी लागली. "तुम्ही आत गेल्याशिवाय आईला सोडणार नाहीत. तिला गाठ आहे."

आबांनी काठी उचलली. चप्पल पायात नीट सरकवायलाही ते थांबले नाहीत.

आत डॉक्टर प्रियदर्शिनी बसल्या होत्या. सासऱ्यांना सोबत म्हणून आत आलेली आई त्यांना खुर्चीत बसवत म्हणाली, "यांचं तोंड बघा जरा."

"मला काय धाड भरलीया?" आबा म्हणाले. "सुनेचं बघा. तिला गाठ हाय."

"आबा! अहो डॉक्टर, माझं काय वय आहे का?"

"आन् माजं काय ऱ्हायलंय का?"

"वय तपासायला मी आलेलीच नाही," डॉक्टर म्हणाल्या आणि नंदिनीला पडद्यामागे घेऊन गेल्या.

आबा काठीच्या मुठीवरून हात फिरवत राहिले. वैदेही पडद्याखालून दिसणाऱ्या आईच्या पावलांकडे बघत राहिली.

डॉक्टर बाहेर आल्या. "गाठ कसली ते आत्ताच सांगता येणार नाही. उद्याच हॉस्पिटलमध्ये जा, सोनोग्राफी करा. लागलं तर सुई घालून तपासतील. तरुण बाईची गाठ कोणी मनावर घेत नाही आणि मग आमच्याकडे येते ती वाढलेली. आता एक दिवसही घालवू नका."

आईने मान हलवली. या वेळी ती हसली नाही.

आबांनी सुटकेचा निःश्वास सोडला. काम झालं होतं. काठी टेकून ते उठले. "चला, बघितलं तिचं. आता घरी जाऊ."

वैदेही त्यांच्यासमोर आडवी उभी राहिली. तिने टेबलावरची डॉक्टरांची बॅटरी उचलली, लावली आणि म्हणाली, "आबा, आ करा."