खालून टकटक

यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटं बोलत असेन तर माझी कवळी आत्ता तोंडातून गळून पडो. बघा, पडली का?

आमच्या ह्यांचा आवाज एवढा मोठा, की गल्लीच्या तोंडाशी उभं राहून मला हाक मारली की वाटेतल्या घरांतल्या सगळ्या बायका ‘ओ’ द्यायच्या. एक तर हात पुसत दारापर्यंत आली होती. आणि हे शिंकले की आढ्याजवळची कौलं सरकायची. म्हणून आम्हाला दरवर्षी घर शाकारावं लागायचं, असं माझं मत. ह्यांचं मत, मांजरं.

शाकारायची आमची रीत ठरलेली. पावसाच्या आधी दारंखिडक्या लावून घरात अंधार करायचा. हे वर, मी खाली. कौल जिथं फुटलंय किंवा सरकलंय, तिथून उजेडाचा ठिपका आत येतो. मी काठीनं त्या कौलाला खालून टकटक करायची. हे वरून टकटक करून ‘कळलं’ म्हणायचे आणि कौल बदलायचे. एवढ्यावर भागलं असतं तर काय हवं होतं!

“अहो, जरा डावीकडे!”

“कुणाच्या डावीकडे? तुझ्या का माझ्या?”

“छपराच्या!”

“छपराला हात असते तर त्यानंच बदललं असतं ना!”

लोक खुर्च्या टाकून ऐकत बसायचे.

मग एका वर्षी ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि तो आवाजही गेला. डोळे उघडे, पण नजर कुठंच टेकायची नाही. डॉक्टर म्हणाले, “काकू, त्यांना कळतंय की नाही, सांगता येत नाही.” माझं म्हणणं, कळतंय. पण म्हणणं वेगळं आणि खात्री वेगळी. मला एकदाच, कशीही, ह्यांच्याकडून ‘ओ’ हवी होती.

आभाळ भरून यायला लागलं.

“आई, कौलवाल्याला सांगते हं उद्या यायला,” सून म्हणाली.

“नको. मी चढते.”

“तुम्ही? तुम्ही स्टुलावर चढलात तरी माझा जीव खालीवर होतो!”

“मग तू खालीच थांब. निदान जीव तरी एका जागी राहील.”

ह्यांची जुनी पँट घातली, कमरेला दोरी बांधली. ह्यांचा पलंग भिंतीकडे सरकवला. तिथं छप्पर इतकं खाली उतरतं की पडल्यापडल्या काठी कौलाला लागते. काठी ह्यांच्या डाव्या हातात दिली. म्हटलं, “उजेड दिसला की मारायची. एवढंच काम आहे तुम्हाला.”

चढले. कौलं तापलेली, वाळलेलं शेवाळ नखांत जात होतं. तडा गेलेलं एक कौल उचलून आत डोकावले. खाली अंधारात ह्यांचा चेहरा, त्यावर उजेडाचा चौकोन. तेव्हा लक्षात आलं, इतकी वर्षं ह्यांना मी अशीच दिसत होते. वर तोंड केलेली, केसांत धूळ, सारखी बडबडणारी. कशी दिसते ते ह्यांनी कधी सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही.

नवं कौल बसवलं. ओरडले, “अहो! आता कुठं?”

काही नाही.

“झोपलात का काय, कामावर असताना?”

“आई, काठी पडली,” खालून सून. मग म्हणाली, “दिली परत हातात.”

मी कौलांवर आडवी झाले आणि कान टेकला. वारा पडला होता. आणि आली की खालून टकटक! हलकीच, पण बरोबर माझ्या कानाखाली. मी वरून टकटक केली. पुन्हा आली. त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा न भांडता घर शाकारलं.

पाऊस लागला. ह्यांच्या अंगावर थेंब पडला नाही. भर पावसाळ्यात हे गेले, कोरड्या अंथरुणात. भेटायला आलेल्या प्रत्येकाला मी हेच सांगितलं, की टकटक आली होती, ह्यांना सगळं कळत होतं. ऐकून लोकांना बरं वाटायचं. मलाही.

आता असे टक लावून बघू नका माझ्याकडे. बरं बाई, सांगते. एवढं एकच पदरचं घातलंय. खालून काही आलं नाही. टकटक झाली ती वरून, माझ्याच बोटांची. केली, थांबले, ऐकलं, पुन्हा केली. मग हातानं चाचपत, जे कौल हललं ते बदलत, सगळं छप्पर एकटीनंच केलं.

“आई, उतरा ना आता, थेंब पडायला लागलेत,” सून म्हणत होती.

“थांब गं,” मी म्हटलं, “अजून एकदा ऐकते.”