मंत्र्यांच्या पत्रातली कविता

मित्रांनो, मी एक जुना टाइपरायटर आहे. अंगाने लोखंडी, आवाजाने खडखड्या. कारखान्यातून निघालो तो थेट राष्ट्रकवींच्या टेबलावर आलो. अख्खा देश त्यांच्या कविता गुणगुणायचा. घरात मात्र त्यांच्या पत्नी म्हणायच्या, "अहो, शब्द पुरेत, आधी नळ बघा."

पुढे लोकांनी त्यांना निवडून दिलं आणि ते पाणीपुरवठा मंत्री झाले. मीही त्यांच्याबरोबर कचेरीत गेलो. तिथे टंकलेखिका बाई भेटल्या. बोटं चपळ, जीभ त्याहून चपळ. तीन वर्षं आम्ही नुसते आदेश आणि खुलासे बडवले. कविता एक नाही. साहेब सुकत चालले होते.

एका सकाळी डोंगरावरच्या गावाला पत्र जायचं होतं: नळयोजना लांबणीवर. दोन ओळी सांगून साहेब थांबले. मग डोंगर उतरून पाणी नेणाऱ्या बायांबद्दल बोलू लागले, आणि बोलता बोलता लय सापडली. बाईंनी हात थांबवला नाही. कित्येक दिवसांनी माझ्या अंगात वारं भरलं.

"हे पत्रात शोभेल का?" साहेबांनी विचारलं.

"हे शोभेल," बाई म्हणाल्या. "वरचं 'लांबणीवर' शोभत नाही."

साहेबांनी त्या शब्दावर बोट ठेवलं. "खोडा ते. 'याच वर्षी' लिहा."

मी त्या शब्दावर धडाधड फुल्या मारल्या.

पत्र गेलं आणि गहजब झाला. पंतप्रधानांनी साहेबांना बोलावून घेतलं. परत आल्यावर साहेबांनी बाईंना सांगितलं, "विचारत होते, तुम्ही मंत्री की कवी? म्हटलं, शब्द दिलाय. पाळू द्या, नाहीतर राजीनामा घ्या."

राजीनामा काही घेतला नाही. कचेरीपुढच्या कारंज्यासाठी आलेले पाइप डोंगरावर गेले. वर्ष सरायच्या आत गावातून उत्तर आलं: "पाणी आलं. कवितेत घागर अजून डोक्यावर आहे, ती आता खाली उतरवा." साहेब पोट धरून हसले आणि ती ओळ लगेच बदलली.

नंतर संगणक आले आणि माझी रवानगी कपाटावर झाली. धुळीने माझी दातखीळ बसली. निवृत्त होताना बाईंनी मला मागून घेतलं. आता दर रविवारी त्या मला तेल देतात, फीत बदलतात, आणि शेजारची मुलं माझ्यावर आपापल्या गोष्टी लिहितात.

मित्रांनो, जुन्या यंत्राला काचेत ठेवू नका, अडगळीतही टाकू नका. आम्हाला तेल थोडं लागतं आणि काम पुष्कळ. या, बसा. कागद सरळ घाला आणि जोरात बडवा. मला लागत नाही.