खाट धरा कोणीतरी

मित्रांनो, माझ्या पायांना चाकं आहेत, पण स्वतःच्या मनाने मी आजवर वीतभरही सरकले नाही. मी रुग्णालयातली एक लोखंडी खाट आहे, आणि आता म्हातारी झाले आहे.

एका कारखान्यात वेल्डरने माझे पाय जोडले, दोन्ही बाजूंना वरखाली होणारे कठडे बसवले आणि मला पांढरा रंग दिला. वॉर्डात आले तेव्हा मोठ्या सिस्टरांनी माझा कठडा वरखाली करून पाहिला आणि म्हणाल्या, "ही बरी आहे. खडखडत नाही." तेवढ्या कौतुकावर मी कित्येक वर्षं काढली. हाडं मोडलेली, तापाने फणफणलेली, नुसती थकलेली अशी किती माणसं माझ्यावर झोपली आणि बरी होऊन मला विसरून गेली. खाटेला विसरलेलंच बरं असतं. पण एका रंगाऱ्याला मात्र मी विसरू शकत नाही.

तो उंच भिंती रंगवायचा. शिडीवर इतका सहज चढायचा, की सोबती त्याला 'पाल' म्हणत. एका सकाळी दोघांनी त्याला उचलून आणलं. कपड्यांवर ओला निळा रंग, चेहरा पांढराफटक, सदरा उलटीने भरलेला. शिडीवरून पडला तेव्हा खालच्याच पायरीवर होता म्हणून वाचला. मागोमाग आलेला ठेकेदार म्हणाला, "काही झालेलं नाही त्याला. सकाळी सकाळी ढोसून आलाय."

निरोप मिळताच धावत आलेल्या त्याच्या बायकोलाही ते खरं वाटलं. गेले काही महिने तो अधूनमधून असाच भेलकांडत घरी यायचा. कानाला दडा बसतो, आत भुंगा घोंगावतो, असं सांगायचा. शेजारी हसायचे. शेवटी तिनेही त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

त्याने माझा कठडा दोन्ही हातांनी आवळला आणि डोळे मिटून म्हणाला, "खाट धरा कोणीतरी. खाट फिरतेय."

मित्रांनो, माझ्या चाकांना ब्रेक लावलेला होता. मी जागच्या जागी होते. पण हे त्याला सांगायला मला तोंड कुठे आहे? तो मलाच घट्ट धरून होता, आणि त्याच्या लेखी मीच त्याला गरागरा फिरवत होते.

वॉर्डातल्या सिस्टरने वाकून पाहिलं. "दारूचा वास नाही," ती ठेकेदाराला म्हणाली. "त्यांचे डोळे बघा, एका बाजूला कसे झटके खातायत." तिने डॉक्टरांना बोलावलं. इंजेक्शन दिलं गेलं. मग तिने पडदा ओढून उजेड कमी केला, उलटीसाठी भांडं हाताशी ठेवलं आणि त्याच्या समोर येऊन सावकाश सांगितलं, "डोकं हलवू नका. भिंतीवरच्या त्या खिळ्याकडे बघत राहा. थोड्या वेळाने हे ओसरेल." फरशी पुसणाऱ्या मावशींनाही तिने खाटेला धक्का लावू नका म्हणून बजावलं.

तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी बायकोला समजावलं, "आतल्या कानाचा आजार आहे. तिथे शंखासारखा नाजूक भाग असतो, त्यात पाणी असतं. ऐकणं आणि तोल सांभाळणं, दोन्ही कामं तिथेच चालतात. ते पाणी वाढलं की भोवळ येते, कान वाजतो, ऐकू कमी येतं."

"बरे होतील ना?"

"गोळ्या आणि कमी मिठाचं जेवण, यांनी झटके कमी होतील. पण मुळासकट जाईल असं मी म्हणणार नाही."

डॉक्टर गेल्यावर ती त्याच्या डाव्या बाजूला बसली आणि हळूच म्हणाली, "मी उगाच संशय घेतला हो तुमच्यावर." त्याचा डावा कानच तर गेलेला होता. तो खिळ्याकडे पाहत राहिला. तो रागावलाय असं तिला वाटलं आणि ती उठून खिडकीपाशी गेली. ते शब्द फक्त मी ऐकले होते. माझा काय उपयोग?

त्याला थोडं बरं वाटू लागलं तसा त्याचा थोरला भाऊ भेटायला आला. जवळ बसता यावं म्हणून त्याने माझा कठडा खाली केला आणि जाताना तसाच ठेवला. बोलावण्याची घंटीही उशीमागे घसरली होती. रंगारी पाणी घ्यायला उठला, आणि भोवळीने त्याला गाठलं. त्याचा हात कठडा शोधत हवेत फिरला. मी तिथेच होते, पण हात द्यायला मला हात नाहीत. तो पडला. कपाळ फुटलं.

सिस्टर धावत आली. तो पुटपुटला, "चूक झाली माझी."

"तुमची नाही," ती कपाळ दाबून धरत म्हणाली. "कठडा आणि घंटी बघणं आमचं काम आहे."

मग तिने बायकोला उजव्या बाजूला बसवलं. "या कानाशी बोला." बायकोने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. त्याने तिचा हात धरला.

घरी जाताना त्याने डॉक्टरांना विचारलं, "शिडीवर कधी चढू?"

"शिडीवर आता नाही."

त्याने नखांतला निळा रंग पाहिला आणि मान खाली घातली.

तो आणखी दोनदा माझ्यावर येऊन पडला. दर खेपेला ऐकणं थोडं उणावलेलं. आता तो खालच्या खालीच दारं-खिडक्या रंगवतो. बायको सिस्टरला म्हणाली, "आमच्याकडे हल्ली भांडणंसुद्धा अळणी होतात." दोघी हसल्या. तो त्यांचे ओठ पाहत राहिला आणि थोडा उशिरा हसला.

आज माझा पांढरा रंग उडाला आहे आणि एका कठड्याचा खटका झिजला आहे. कठडा वर केलेला दिसतो, पण भार पडला की सुटतो. कालपासून माझ्यावर एक आजी आहेत. त्यांनाही भोवळ येते. झोपेत त्या त्याच कठड्याकडे कलतात. मी ओरडू शकत नाही.

मित्रांनो, रस्त्यात कोणी भेलकांडला तर हसण्याआधी हात द्या. आणि या वॉर्डातून कोणी जाणार असेल, तर जरा थांबा. माझा डावा कठडा एकदा जोर लावून हलवून पाहा.