आखूड पायांचा बाक

दचकू नका, मी बाकच बोलतोय. कपडे शिवायच्या कारखान्यात, चहाच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून उभा असतो. आल्यागेल्याला बूड टेकू देणं हा माझा जन्माचा धंदा.

सुताराने मला चारी पायांवर सरळ उभं केलं होतं. पण चहाला बसलेली माणसं लवकर उठेनात, आणि 'उठा' म्हणून वाईटपणा घ्यायला साहेब तयार नव्हते. कुठल्याशा व्याख्यानात ते ऐकून आले की माणसाला सांगू नये, नकळत वळवावं. झालं. सुट्टीच्या दिवशी सुतार बोलावून माझे पुढचे दोन पाय जरासे कापले. डोळ्यांना कळत नव्हतं, बुडाला बरोबर कळायचं.

मग जो बसे तो घसरे. चहा संपायच्या आत माणसं आपणहून उठत, वर म्हणत, आज कामाचा हुरूप आहे बुवा. मला हसू फुटायचं.

फक्त इस्त्रीवाल्या वहिनींपुढे ते जिरायचं. त्यांना सातवा महिना, दिवसभर उभ्याचं काम, पाय सुजलेले. जरा टेकल्या की मी त्यांना पुढे ढकलायचो.

"आता बसवतसुद्धा नाही हो," त्या काज-बटणवाल्या मावशींना म्हणाल्या. "काम सोडावं लागणार बहुतेक."

खोट माझ्या पायांत, आणि ही बाई बोल लावतेय स्वतःच्या कंबरेला.

एकदा सफाईवाल्या काकांनी फरशी पुसली आणि मला उलटा लावून ठेवलं. आखूड पाय भिंतीकडे. वहिनी बसल्या, अलगद मागे कलल्या, पाठ भिंतीला टेकली. थेट आरामखुर्ची.

"मावशी, बाकाला आज माया फुटली बघा."

ती माया मग सगळ्यांनाच हवी झाली. चहा निवले, कोणी हलेना. साहेब लगबगीने आले आणि मला सुलटा करायला वाकले. तिथेच फसले. मावशीही वाकल्या, माझे पाय न्याहाळले, आणि कापलेल्या पायावर बोट ठेवून सगळ्यांना दाखवलं.

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "साहेब, ऊठ म्हणाला असतात तर मी भांडले तरी असते. तुम्ही बाकाला सांगितलंत. मी मात्र माझ्याच अंगाला दोष देत बसले."

साहेबांचा चेहरा इस्त्री राहिलेल्या सदऱ्यासारखा झाला.

आता माझ्या आखूड पायांखाली ठोकळे आहेत. भिंतीवर पाटी लागलीय: चहाची सुट्टी पंधरा मिनिटं. तिच्याशी सगळे रोज उघड भांडतात. भांडूनच वहिनींसाठी सवलत मिळवली. त्या हव्या तेव्हा बसतात, काम सुटलं नाही.

माणसांनो, कुणाला उठवायचं तर तोंडाने उठवा. माझ्या पायांत हुकूम लपवू नका. मी मुका खरा, पण मला उलटं फिरवायला फरशी पुसणारं एक फडकं पुरतं.