नैवेद्याचा दुधी

पहिलं फळ देवाचं, हा नेम यमुनाबाईंच्या घरात कुणी घालून दिलेला नव्हता. सासू करायची, त्याआधी आई करायची, म्हणून त्याही करायच्या. लातूरकडचं शेत सुटलं, मुलाला, तेजसला, खराडीच्या कंपनीत नोकरी लागली आणि त्यानं वाघोलीत सर्वांत वरच्या मजल्यावर गच्चीचा फ्लॅट घेतला, तरी नेम सुटला नाही. शेताच्या जागी गच्ची आली, एवढंच.

आणि गच्ची तरी कशी! पपईला पिंप, लिंबाला टाकीचा अर्धा तुकडा, वांगी-मिरच्यांना तांदळाच्या गोण्या. विकतचं खत नाही, औषधाचा थेंब नाही. कोपऱ्यावरच्या रसवंतीतून उसाची चिपाडं आणायची, सोसायटीच्या झाडांचा पाचोळा गोळा करायचा, घरातला ओला कचरा त्यात जिरवायचा. शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन पिंपात कालवून, काठीनं ढवळून जीवामृत करायचं. मावा पडला की आंबट ताक शिंपडायचं. खालच्या मजल्यावरच्या विमलाबाई नारायण पेठेतून इकडे राहायला आलेल्या. त्या पायऱ्यांवरूनच ओरडायच्या, "यमुनाताई, आज पिंप ढवळलंत वाटतं. आमच्याकडे पाहुणे बसलेत, त्यांना गोठ्यात आल्यासारखं झालंय!" आणि संध्याकाळी त्याच पदर पसरून वांगी न्यायला यायच्या.

त्यांचे यजमान उत्तरेश्वरराव एसटीतून निवृत्त झालेले. त्यांचं सारं चित्त भजनी मंडळात. शनिवारी कीर्तन असलं की दुपारपासून यांची लगबग. बुवांच्या मागे टाळ धरून उभे राहिले की शेजारचा माणूसही दिसत नसे त्यांना. गेल्या वर्षी मंडळाच्या वीणेचा भोपळा तडकला. नवा विकत मिळाला असता. पण यांनी मनात घेतलं, की पांडुरंगाच्या वीणेचा भोपळा आपल्या हातानं पिकवायचा. कुठून तरी त्या जाड सालीच्या कडू भोपळ्याचं बी आणलं आणि गच्चीच्या उत्तरेच्या कठड्याशी लावलं.

"दुधीच्या जवळ नको हो," यमुनाबाई म्हणाल्या होत्या. "माझी आई कडू भोपळा बांधावरसुद्धा लावू द्यायची नाही."

"अगं, तुझा दुधी त्या टोकाला, माझा भोपळा या टोकाला. तुझी गोणी वेगळी, माझं पिंप वेगळं. माती मातीला शिवत नाही, मग कडूपणा जाईल कुठून?"

यमुनाबाईंना ते पटलं. शेतात मुळं मातीखालून कुठवर जातात ते दिसत नाही. इथं तर प्रत्येकाला आपापली भिंत होती. संध्याकाळ झाली की दोन्ही वेलांवर पांढरी फुलं उमलायची आणि पाकोळ्या, ते रातचे पतंग, या टोकाहून त्या टोकाला भिरभिरायच्या. औषध न मारल्यामुळे आपल्याकडे पाकोळ्या येतात, याचं त्यांना कौतुक वाटायचं. त्या विमलाबाईंना मुद्दाम बोलावून दाखवायच्या.

त्या हंगामातला सगळ्यात लांब, सगळ्यात देखणा दुधी त्यांनी बियांसाठी वेलावरच वाळवला. त्या वेलाची फळं खाताना गोडच होती, कारण फळ वेलाचं असतं. पाकोळ्यांनी आणलेला कडू भोपळ्याचा परागकण बियांत लपून बसतो. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळीकडे प्लॅस्टिकचे डबे वाटतात, तसं न करता यमुनाबाईंनी त्याच दुधीच्या बिया कागदाच्या पुड्यांत घालून वाण म्हणून वाटल्या. बायका हरखल्या. "असं वाण कुणी दिलं नव्हतं बाई!"

त्याच बियांचा वेल श्रावणात फळाला आला. पहिला दुधी उतरवला त्या बुधवारी उत्तरेश्वररावांनी सकाळीच आंघोळ करून देव्हाऱ्यापुढे रांगोळी काढली. साखरेच्या आजारामुळे ते रोज दुधीचा रस घेत. म्हणून त्या दिवशी नैवेद्यालाही रसच ठेवायचा ठरला.

एरवी यमुनाबाई दुधी चिरायला घेतला की देठाकडची चकती कापून जिभेला लावायच्या. काकडी, दोडका, दुधी, काहीही असो. हात आपसूक जायचा. त्या दिवशीही गेला, आणि थांबला. नैवेद्य उष्टा कसा करायचा? चकती त्यांनी तशीच कचऱ्याच्या टोपलीत टाकली.

देवाला दाखवून झाल्यावर पेला यजमानांच्या हातात दिला. त्यांनी एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

"कडू आहे गं. पांडुरंगालाही साखरेचा आजार झाला की काय?"

यमुनाबाई हसल्या. "औषध समजून घ्या. कडूनं साखर उतरते म्हणतात."

"नैवेद्याला नाव कशाला ठेवायचं," म्हणत त्यांनी पेला रिकामा केला, वर हात कपाळाला लावला.

अर्ध्या तासात उलट्या सुरू झाल्या. मग रक्त. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं तेव्हा त्यांचे हातपाय गार पडले होते. डॉक्टर तरुण होते. त्यांनी सकाळपासून काय काय पोटात गेलं ते विचारलं आणि दुधी म्हटल्यावर लिहिता लिहिता थांबले.

"रस कडू होता?"

"होता."

"कडू दुधी विषारी असतो, आजी. यावर उतारा नाही. आपण सलाईन लावू, रक्तदाब सांभाळू. बाकी..." त्यांनी वर बघितलं नाही.

देव्हाऱ्यापुढच्या वाटीत यमुनाबाईंचा वाटा तसाच राहिला होता. रात्रीचे कपडे न्यायला घरी आल्या तेव्हा त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं. कडुनिंबही लाजेल असं काही. घशापर्यंत जळत गेलं. त्यांनी चूळ भरली, पुन्हा भरली, आणि तशाच ओट्याला धरून उभ्या राहिल्या. आणि मग त्यांना पुड्या आठवल्या.

शुक्रवारी पहाटे उत्तरेश्वरराव गेले.

तेजसनं सगळ्यांना सांगितलं, बाबांच्या पोटात रक्तस्राव झाला. आईला त्यानं आतल्या खोलीत नेऊन दार लावलं.

"रसाचं कुणाला बोलायचं नाही."

"तेजस, त्या बिया मी वाटल्यात रे."

"किती जणींनी लावल्या असतील? आई, लोक काय म्हणतील कळतंय का तुला? म्हणतील, बाईनं स्वतःच्या हातानं नवऱ्याला विष दिलं."

"मग काय खोटं म्हणतील?"

तेजसचा चेहरा एकदम लहानपणीसारखा झाला. पण तो म्हणाला, "दहा दिवस सुतक आहे. तू कुठंही जायचं नाहीस." दुपारी तो गच्चीवर गेला आणि त्यानं दुधीचा वेल मुळासकट उपटला. शेजारच्या गोणीतली वांगीही उपटली, मिरच्याही उपटल्या. यमुनाबाईंना खाली आवाज येत होता. त्या उठल्या नाहीत.

सुतकाच्या घरी चूल पेटत नाही. रविवारी विमलाबाई पिठलं-भात घेऊन आल्या. बसल्या. एरवी त्यांच्या जिभेला धार, आज ताटावरचं झाकण काढत नुसत्या म्हणाल्या, "दोन घास तरी खा." यमुनाबाईंनी ताट बाजूला सारलं आणि बाहेरच्या पाहुण्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात सगळं सांगितलं.

विमलाबाईंचा हात ताटावरच राहिला. "तीन दिवस गप्प बसलात? यमुनाताई, माझ्याही खिडकीत वेल आहे. काल मी कळ्या मोजत बसले होते."

"माफ करा."

"माफीचं नंतर बघू. पुड्या कुणाकुणाला दिल्यात ते सांगा."

त्यांनी खाली जाऊन फोन फिरवले. अर्ध्याअधिक जणींच्या पुड्या अजून फडताळात होत्या. येरवड्याच्या पूर्णिमानं सांगितलं, "काकू, आमचा पहिला दुधी परवा निघाला. चकती चाखली, इतका कडू! टाकून दिला." नावं एकेक करून संपत आली. सोमवारी सकाळी विमलाबाई पुन्हा जिना चढून आल्या, धापा टाकत.

"एकच घर उरलं. सोजरबाई. फोनवर म्हणतात, आमचा दुधी आज श्रावणी सोमवारचा, देवाला जायचाय. गच्चीवर मातीत खेळणाऱ्या बायांनी आम्हाला शेती शिकवू नये. आणि ठेवला फोन. माझे गुडघे असे, मी तिथवर पोचेपर्यंत आरती होऊन जाईल."

यमुनाबाई उठल्या. तेजस बाहेर पाहुण्यांत होता. त्या मागच्या जिन्यानं उतरल्या, पायात चपलाही न घालता. आयुष्यात त्यांनी सुतक मोडलं नव्हतं. आई गेली तेव्हा तर त्यांनी तुळशीलाही पाणी घातलं नव्हतं. रस्ता ओला होता, डंपर चिखल उडवत होते. त्या ओठांतल्या ओठांत नाम घेत होत्या, मध्येच थांबत होत्या, की सुतकात घ्यावं की नाही. आणि पुन्हा घेत होत्या.

सोजरबाईंचं घर मूळ वाघोलीकरांचं. रानात आता सात मजल्यांच्या इमारती उभ्या होत्या; पण बंगल्यामागे त्यांनी दोन वाफे राखले होते. दुधीचा वेल मांडवावर पसरलेला लांबूनच दिसला.

सोजरबाई पडवीत बसून बेल निवडत होत्या. यमुनाबाईंना फाटकात बघितलं आणि त्या उभ्याच राहिल्या.

"अगं माय! चौथा दिस हाय नव्हं? तिथंच थांबा. आत पाय घालू नगा."

"सोजरबाई, दुधी शिजवू नका. माझ्या हातून बी वाईट गेलं. आमचे मालक त्यानंच गेले."

"त्यांच्या पोटात कायतरी फुटलं म्हनला ना तुमचा तेजस?"

"तो लपवतोय. मी रस पाजला त्यांना. कडू होता तरी पाजला."

सोजरबाईंनी मान हलवली. "दुःखानं डोस्कं फिरतं मानसाचं. आमच्या रानात पिढ्यान्‌पिढ्या दुधी झाला, कुनी मेलं न्हाई. खीर झालीया. देवाला दावायची हाय."

"चाखली का?"

"नैवेद्य कोन चाखतं? तुमाला कळत न्हाय व्हय?"

"तनुजाला चाखू द्या. एवढं करा. तनुजा, बाळा, एक थेंब!"

सून तनुजा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं सासूकडे बघितलं.

"हात लावायचा न्हाय," सोजरबाई म्हणाल्या.

आतून धूप आणि आटवलेल्या दुधाचा वास आला. यमुनाबाईंना त्यांच्या घरातली रांगोळी दिसली, पेला दिसला. त्या पडवी चढल्या. "अवो, सुतक, सुतक!" सोजरबाई ओरडल्या आणि शिवलं जाऊ नये म्हणून मागे सरल्या. त्यामुळे वाट मोकळी झाली. यमुनाबाई चिखलाच्या पायांनी स्वयंपाकघरात शिरल्या, पातेल्यावरची ताटली सारली आणि कढत खिरीत बोट घातलं.

बोट भाजलं. त्यांनी तसंच जिभेवर ठेवलं. साखरेत कडू दडलं असेल म्हणून त्यांनी दुधीचा थोडा कीसही उचलला आणि दातांखाली चावला.

गोड होता. दुधाचा, वेलचीचा, कोवळ्या दुधीचा गोडवा. कडूपणाचा कणही नव्हता.

"गोड आहे," त्या म्हणाल्या. "सोजरबाई, गोड आहे हो! तुमचा वेल चांगला आहे." आणि ओट्यापाशी खाली बसून त्यांना रडू फुटलं. चार दिवसांत पहिल्यांदा.

सोजरबाईंना गोड-कडूशी देणंघेणं नव्हतं. "माझा चूल-देव्हारा बाटवला! सोमवारचा नैवेद्य! स्वतःचं घर बुडालं म्हनून दुसऱ्याचा देव उपाशी ठेवायचा? उठा. उठा आधी!"

त्यांनी फडक्यात धरून पातेलं उचललं आणि मागच्या दारी मोरीत सगळी खीर ओतली. तनुजा बघत राहिली. तिनं हळूच यमुनाबाईंपुढे पाण्याचा तांब्या सरकवला, भाजलेल्या बोटासाठी. सोजरबाईंनी तो पायानं बाजूला केला.

फाटकाशी मोटरसायकल थांबली. विमलाबाईंनी तेजसला पाठवलं होतं. तो आत आला नाही. फाटकातच उभा राहिला.

"घेऊन जा तुझ्या आईला," सोजरबाई म्हणाल्या. "कुलूप घाल खोलीला. चांगल्या खिरीत हात घालते ही बाई."

"चांगली होती?" तेजसनं विचारलं.

"मग? साखरेसारखी गोड. तीच सांगती बग."

तेजस आईकडे बघत राहिला. बाबांना खांदा देतानाही जे डोळे कोरडे राहिले होते, ते आता भरून आले.

"तुझ्याच पुडीतलं बी, आई? एकाच दुधीचं?"

"एकाच."

"मग आपलंच कसं?"

यमुनाबाईंनी आयुष्यभर कीर्तनं ऐकली होती. बुवांनी या प्रश्नाची किती उत्तरं दिली होती! प्रारब्ध म्हणाले होते, त्याची इच्छा म्हणाले होते, परीक्षा म्हणाले होते. त्यांनी प्रत्येकाला मान डोलावली होती, टाळ्या वाजवल्या होत्या. आता यातलं एकही त्यांच्या तोंडी येईना. मुलाला फसवल्यासारखं झालं असतं.

"मला नाही माहीत रे," त्या म्हणाल्या आणि पदर सावरून त्याच्या मागे बसल्या. त्याच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही, त्यांना कळेना. गाडी सुरू झाली, पहिल्याच खड्ड्यात हिसका बसला, आणि तेजसनं मागे न बघता त्यांचा हात ओढून आपल्या खांद्यावर ठेवला. भाजलेलं बोट त्याच्या शर्टाला घासत राहिलं. त्यांनी ते काढून घेतलं नाही.