सपाट बर्फ

सायलीने मोजपट्टीचं एक टोक चाकाच्या खुर्चीच्या डाव्या बाजूला दाबून धरलं आणि दुसरं उजवीकडे ओढलं. खुर्चीत बसलेल्या अविनाशने पट्टी जावी म्हणून कोपर वर घेतलं. हातातल्या मोबाइलचे स्क्रू काढणं मात्र थांबवलं नाही.

खांद्याने कानाशी दाबलेल्या फोनवर ती हिंदीत पंचवीस इंच म्हणाली. बाथरूमचं दार त्याहून रुंद आहे का, एवढंच तिला हवं होतं. पलीकडचा लॉजवाला म्हणाला, दार मोठं आहे. किती मोठं, तर चांगलंच मोठं. मोजून सांगा म्हटल्यावर तो हसला आणि आजवर एकही पाहुणा बाथरूमबाहेर अडकून राहिलेला नाही, असं त्याने सांगितलं.

थोड्या वेळाने त्याने फोटो पाठवला. दार खरंच रुंद होतं. दाराच्या आधी तीन पायऱ्या होत्या. सायलीने पुन्हा फोन लावला. लॉजवाल्याला त्यात काहीच अडचण दिसत नव्हती. त्याच्याकडे चार पोरं होती, ती उचलून ठेवतील. रोज उचलतील का, असं तिने विचारलं. सकाळी, संध्याकाळी, आणि मधेच त्याला जावंसं वाटलं तर तेव्हाही? पहाडात पायऱ्या तर असणारच मॅडम, असं म्हणून त्याने दुसरा फोन घेतला.

हा पाचवा की सहावा लॉज होता. आतून आईने हाक मारली.

"जेव गो आधी. फोन खय पळान जाता?"

सायली जेवायला बसली, पण ताटाशेजारी फोन तसाच उजळत राहिला.

अविनाश तिचा धाकटा भाऊ. इब्रामपूरला मामाच्या गोठ्यावर पत्रे चढवताना तो पाठीवर पडला, त्याला आता बरीच वर्षं झाली. कमरेखाली त्याला काही कळत नाही. पहिली दोन वर्षं त्याने डिचोलीच्या ह्याच घरात छताकडे बघत काढली. मग रस्त्याकडच्या खोलीत त्याने मोबाइल दुरुस्तीचं दुकान घातलं, दंड कमावले, आणि खुर्चीच्या शर्यतींना जाऊ लागला. अशाच एका स्पर्धेत फोंड्याला बाहेरून आलेल्या एका प्रशिक्षकाने त्याला हेरलं. लाहौलमध्ये, मनालीच्या पुढच्या बोगद्यापलीकडच्या एका गावात, फेब्रुवारीत बसून करायच्या स्कीइंगचं शिबिर होतं. दोन लांब पट्ट्यांवर बसवलेली बैठक, दोन्ही हातांत काठ्या, आणि डोंगरावरून खाली घसरायचं नाही, तर सपाट बर्फावरून मैलच्या मैल स्वतःला ओढत न्यायचं. त्या खेळाला पाय लागतच नाहीत, असं प्रशिक्षक म्हणाले होते. घरी येऊन अविनाशने ते एका दमात सांगितलं. सायलीने दुसऱ्याच दिवशी सगळं अंगावर घेतलं.

तिला कामं अंगावर घ्यायची सवय होती. डिचोली बाजारातल्या एका प्रयोगशाळेत ती रक्त तपासायची. घरी आल्यावर अविनाशच्या पाठीवर, टाचांवर कुठे लाल डाग उठलाय का ते तपासायची. स्थळं येत तेव्हा आधी त्याचं मार्गी लागू दे, असं म्हणायची. अलीकडे स्थळं यायचीही कमी झाली होती.

आता गेले कित्येक दिवस ती भिंतींशी बोलत असल्यासारखी बोलत होती. विमान कंपनीच्या मुलीने विचारलं, पेशंट निदान विमानाच्या पायऱ्या तरी चढू शकेल ना? मनालीचा टॅक्सीवाला म्हणाला, खुर्ची टपावर बांधू, बर्फ पडला तर झटकून देऊ. थंडीत त्याच्या पायांना गारठा कळणार नाही, बोटं काळी पडली तरी कळणार नाही, म्हणून ती हरमलला जाऊन शेवंती नावाच्या बाईच्या जुन्या कपड्यांच्या दुकानातून दोन जाड जॅकेटं घेऊन आली. थंड देशांतून येणारे पाहुणे किनाऱ्यावर उतरले की अंगावरचे गरम कपडे विकून मोकळे होतात, ते शेवंती धुऊन टांगून ठेवते. अविनाशसाठी काळं आणि स्वतःसाठी लाल. लाल घालून ती आरशासमोर उभी राहिली, घामाघूम झाली, आणि आईची चाहूल लागताच तिने ते घाईने काढलं.

तिला सगळ्यात जास्त राग यायचा तो अविनाशचा. जायचं त्याला होतं आणि तो बोटभर हलत नव्हता. टॅक्सी कुठली ठरवू विचारलं तर म्हणायचा, बघ तूच. लॉजवाल्याशी तू बोल म्हटलं तर गिऱ्हाईक असल्याचं निमित्त काढायचा. एकदा तिने पायऱ्यांचा फोटो त्याच्या तोंडासमोर धरला. त्याने तो नीट पाहिला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि पुन्हा स्क्रूड्रायव्हर उचलला.

"त्याका जावचाच नाय बहुतेक," ती रात्री आईला म्हणाली.

आई ताटं पुसत होती. शेवटचं ताट मांडणीवर ठेवत, पाठमोरीच, म्हणाली, "तू त्याका इचारलंस, की सांगलंस?"

सायलीला तो प्रश्न फालतू वाटला.

रजेचं भांडण तिने एकटीने लढलं. प्रयोगशाळेच्या डॉक्टरांनी आधी नाही म्हटलं, मग अर्धीच देतो म्हणाले. ती त्यांच्या टेबलासमोरून हलली नाही. तिच्याशिवाय तो जाऊच शकत नाही, असं तिने सांगितलं, आणि सांगताना तिचे डोळे भरून आले, याचं तिलाच नवल वाटलं. रजा मिळाली. आता राहिला होता फक्त तब्येतीचा दाखला.

शिबिरवाल्यांनी सांगितलेले डॉक्टर म्हापशाला बसत. घरामागे राहणारा सगुण आपली ओम्नी घेऊन आला. अविनाशने हातांवर तोल सावरून स्वतःला सीटवर टाकलं. सायलीने खुर्ची मिटवून मागे ठेवली. वाटेत काजूला मोहर आला होता. सगुण आणि अविनाश रस्ताभर कुठल्याशा फुटबॉल सामन्याबद्दल बोलत होते. घरी अविनाश इतकं बोलत नसे. सायली मागच्या सीटवर मांडीवर फाईल घेऊन बसली आणि मनातल्या मनात डॉक्टरांच्या प्रश्नांची उत्तरं जुळवत राहिली.

डॉक्टर वयस्क होते, सौम्य होते. त्यांनी अविनाशकडे पाहून मान हलवली आणि सायलीला विचारलं, "झोप कशी आहे यांची?"

"चांगली आहे. मधे एकदा कुशीवर वळवावं लागतं."

"लघवीचं?"

"नळी घालतो. दर चार तासांनी. मी आठवण करून देते."

"जखमा?"

"गेल्या वर्षी एक झालेली पाठीला. आता नाही. मी रोज बघते."

डॉक्टर लिहीत गेले. सायली उत्तरं देत गेली. तिच्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर होतं, कागद होता, तारीख होती. अविनाश समोरच्या कॅलेंडरकडे बघत होता. त्याचे हात चाकांच्या कड्यांवर होते आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, तिथे हे स्वतःचं स्वतः करू शकतील का?

"नाही," सायली म्हणाली. "पण मी सोबत असणार आहे."

डॉक्टरांनी तसं लिहिलं, कागद कंपाउंडरकडे शिक्क्यासाठी दिला आणि थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं.

बाहेर व्हरांड्यात गर्दी होती. सायलीने खुर्ची भिंतीच्या कडेला लावली, तिचे ब्रेक दाबले आणि मोठा श्वास सोडला. एक काम संपलं होतं. आता लॉज, असं ती म्हणाली. उद्या अजून दोघांना फोन करते. नाहीच मिळाला तर त्या तीन पायऱ्यांवर फळ्या टाकून घेऊ.

"ताय," अविनाश म्हणाला. "लॉज नको."

"मगे रवतलंस खय? बर्फात?"

"शिबिरातच सोय आसा. खेळणाऱ्यांची. सगळे खुर्चीवालेच आसत थय, दाराक पायरी नाय, काय नाय." तो थांबला. "सोबतीक कोण आसात, तर त्यांनी बाहेर रवाचा. म्हणान तुका लॉज लागता. माका नाय."

सायलीला आधी शब्दच कळले. अर्थ सावकाश आला.

"ह्या तुका कधीपासून म्हायत?"

"सरांनी पैल्याच दिसा सांगलेला."

"आणि बोललंस कित्याक नाय?" तिचा आवाज चढला, तशी बाकावरची माणसं वळली. तिने तो खाली आणला. "इतके दीस मी फोन करतंय. लोकांची बोलणी खातंय. तुझ्यादेखत."

"तू येवडा करी होतंस… माका बोलाक जमला नाय." त्याने मान खाली घातली, पण मग वर केली, आणि पुढचं तिच्याकडे बघून बोलला. "तू येव नको, ताय. माका एकट्याक जावचा आसा."

सायलीला लाल जॅकेट आठवलं, ते आठवल्याची लाज वाटली, आणि त्या लाजेवर राग. पाठीला जखम झाली तर कोण बघणार, असं तिने विचारलं. आरसा लावून तो स्वतः बघतो, अविनाश म्हणाला; ती कामावर गेली की रोज. रात्री कुशीवर? तेही त्याला येतं. ती वळवायला येते तेव्हा बहुतेकदा तो जागाच असतो. तिच्या प्रत्येक प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर होतं, आणि ती उत्तरं तयार होऊन बराच काळ झाला असावा, असं त्याच्या बोलण्यावरून दिसत होतं.

"आणि काय चुकला, तर?" ती म्हणाली.

"तर चुकात."

कंपाउंडर शिक्का मारलेला कागद घेऊन आला. सायलीने तो वाचला. मदतनीस आवश्यक, असं शेवटच्या ओळीत स्पष्ट अक्षरांत होतं. ती ओळ तिनेच लिहवून घेतली होती. मग तिने तो अविनाशच्या मांडीवर ठेवला, खुर्चीचे ब्रेक सोडले आणि डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडून धरलं.

डॉक्टरांनी वर पाहिलं. "काही राहिलं का?" त्यांनी तिलाच विचारलं.

"त्याला बोलायचंय," सायली म्हणाली.

अविनाश आत गेला. तिने एक पाऊल उंबऱ्याशी टाकलं, आणि मग ते मागे घेऊन दार ओढून घेतलं.

बाकावर जागा होती. शेजारी एक म्हातारी बाई पिशवी कुशीत धरून बसली होती. आतून अविनाशचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण तो सलग बोलत होता. मधे डॉक्टरांनी काहीतरी विचारलं, तो पुन्हा बोलला, बराच वेळ. एकदा दोघंही हसले. सायली फाईल उघडून बंद करत राहिली.

"तुमचो पेशंट आत गेलो?" म्हातारीने विचारलं.

सायलीने हो म्हणायला तोंड उघडलं. मग म्हणाली, "माझो भाव आसा आत. पेशंट नाय."

म्हातारीला त्यात काही फरक वाटला नसावा. तिने मान हलवली आणि सायलीला आपला नंबर बघायला सांगितला. सायलीने तो बघून दिला.

अविनाश बाहेर आला तेव्हा नवा कागद घडी करून त्याच्या शर्टाच्या खिशात होता. सवयीने तिचा हात पुढे झाला. तो तिने ओढणी सारखी करायला वळवला.

"दिल्यानी?"

"दिल्यानी. चार प्रश्न जास्त इचारल्यानी." त्याने खिशावर तळवा ठेवला. "रजेचा काय करतलंस?"

"बघतंय," ती म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं. रजा तशीच होती, शिबिराच्या सगळ्या दिवसांची, आणि त्या दिवसांत कुठे असायचं याचा तिने कधी विचारच केला नव्हता.

सगुणने गाडी लांब, रस्त्यापलीकडे लावली होती. सायली नेहमीप्रमाणे खुर्चीच्या मागे गेली, मुठींना हात लावला, आणि काढून घेतला. मग ती बाजूला येऊन चालू लागली. रिकामे हात कुठे ठेवावेत ते तिला समजेना; फाईल तिने एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. रस्ता उखडलेला होता. अविनाश खड्डा चुकवून चाकं वळवत होता, पुढे रेटत होता, आणि प्रत्येक खड्ड्याला ओठातल्या ओठात शिवी देत होता. ठेवणीतल्या शिव्या, एकसुद्धा दुसऱ्यांदा नाही. कपाळावर घाम होता, जोर लावताना खालचा ओठ दातांत धरलेला.

सायली बघत राहिली. आजवर खुर्चीमागून चालताना तिला त्याची फक्त मान दिसायची.